वानरांचे रान की खाडीची खारफुटी: एका रविवारची निवड

दिवाळी संपली की होळीपर्यंतच्या चार-साडेचार महिन्यांत ओळखीतले कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतेच. एकच रविवार मोकळा आहे, सोबत मुले आहेत किंवा गावाहून आलेले आईवडील आहेत, आणि माहीतगार माणसाबरोबर चालत निसर्ग पाहायचा आहे. तर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात माकडे-वानरे दाखवणारी जंगलफेरी घ्यावी, की ऐरोलीला ठाणे खाडीच्या काठाने कांदळवनातली? नोंदणी कशी करायची आणि तिकीट किती, हे विचारणाऱ्याला बहुधा ठाऊकच असते. त्याला हवा असतो तो कुणा अनुभवी माणसाचा कौल, आणि तो एका वाक्यात देणे मला आजवर जमलेले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

मी बोरिवलीत राहतो. उद्यानाचे दार माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे, आणि ऐरोलीला जायचे तर पहाटे उठून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने शहर आडवे ओलांडावे लागते. असे असूनही गेल्या काही वर्षांत, निवड माझ्या हाती असेल तेव्हा, मी ऐरोलीलाच जात आलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या मजकुरात माझा कल कुठे डोकावला तर तो वाचणाऱ्याने हिशेबात धरावा. जंगलातल्या मार्गदर्शित फेऱ्या मी पाच वेळा केल्या, खाडीकाठच्या सहा वेळा. एवढ्यावरून कुणी ठाम निष्कर्ष काढू नये, पण माझ्यापुरता निर्णय घ्यायला त्या पुरेशा झाल्या.

प्रथम उद्यानाची बाजू मांडतो, कारण ती भक्कम आहे. शंभर चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक पसरलेल्या या रानात तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत, कान्हेरीची लेणी आहेत, बिबटे आहेत, आणि एका सकाळच्या चालीत तीन जातींची वानरकुळी पाहण्याची शक्यता आहे. इथे आपली भाषा फार उपयोगी पडते, कारण मराठीत माकड वेगळे आणि वानर वेगळे. लाल तोंडाच्या माकडांच्या दोन जाती या रानात आहेत. एकीच्या डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे सभोवार पसरलेले असतात आणि शेपूट लांब असते; हे टोपीवाले माकड भारताच्या दक्षिण भागाखेरीज जगात कुठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. दुसरी जात उत्तरेकडची, तिच्या बुडाकडे नारिंगी झाक असते आणि शेपूट आखूड असते. वानर मात्र काळ्या तोंडाचे, राखाडी अंगाचे आणि शरीराहूनही लांब शेपटीचे. एकदा शेपूट पाहायची सवय लागली की ओळख चुकत नाही, आणि लहान मुलेही ती अर्ध्या तासात शिकतात.

चांगला मार्गदर्शक सोबत असला की या ओळखीच्या पुढची गोष्ट कळते. माकडाच्या गालांच्या आत पिशव्या असतात; मिळेल ते घाईघाईने त्यांत कोंबायचे आणि सुरक्षित जागी जाऊन सावकाश चावायचे, ही त्याची रीत. वानराला तशा पिशव्या नसतात, पण त्याच्या पोटाला कप्पे असतात आणि त्यांत पाने आंबवून पचवली जातात. त्यामुळे वानरांची टोळी एकाच झाडावर तासन् तास पाला खात बसते, आणि पाहणाऱ्यालाही घाई करावी लागत नाही. फेब्रुवारीत काटेसावर फुललेली असताना त्यांची न्याहारी पाहावी. वानर एक लालभडक फूल तोडते, त्यातला मांसल भाग तेवढा खाते, उरलेले सोडून देते आणि लगेच पुढच्या फुलाकडे हात नेते. खाली पडणाऱ्या फुलांची वाट पाहत चितळे उभी असतात. एकदा अशाच वेळी टोळीतल्या राखणदाराने खाकरल्यासारखा कोरडा, तुटक आवाज काढला आणि खालच्या चितळांच्या माना एकदम एकाच दिशेने वळल्या. मार्गदर्शकाने हाताने थांबण्याची खूण केली. बिबट्या आम्हाला दिसला नाही, पण तो तिथे होता याबद्दल झाडावरच्या किंवा झाडाखालच्या कुणालाही शंका नव्हती. ती पाच मिनिटे मी विसरू शकत नाही, आणि खाडीकाठी मला त्या तोडीचा थरार कधी मिळाला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

ऐरोलीच्या फेरीची पहिली पंधरा मिनिटे मात्र बहुतेकांची निराशा करतात. एकाच उंचीची, एकाच रंगाची झाडे, पायाखाली उंचावरून नेलेली पायवाट, दोन्ही बाजूंना चिखल आणि त्यावर सडक्या अंड्याचा वास. सोबतचे लोक एकमेकांकडे पाहू लागतात. जंगलात मार्गदर्शक नसला तरी माकड दिसतेच; इथे मार्गदर्शक नसेल तर खरोखरच काही दिसत नाही, आणि म्हणून 'मार्गदर्शित' या शब्दाचे मोल मला इथे अधिक जाणवले. तो वास चिखलात प्राणवायू नसल्याचा आहे, हे कुणीतरी सांगावे लागते. मग त्याच कारणाने तिवराची, म्हणजे इथल्या सर्वांत जास्त दिसणाऱ्या खारफुटी झाडाची, मुळे खाली न जाता उलटी वर का आली आहेत, हे आपोआप उलगडते, आणि झाडाभोवती चिखलात रोवलेल्या शेकडो पेन्सिलींसारखी दिसणारी ती श्वसनमुळे निरर्थक वाटेनाशी होतात. आमच्या मार्गदर्शकाने तिवराचे एक पान तोडू न देता फांदी थोडी खाली वाकवली आणि माझ्या मुलीला पानावर बोट फिरवून जिभेला लावायला सांगितले. मिठाच्या कणांची बारीक कचकच बोटाला लागत होती. खारे पाणी मुळांवाटे वर घ्यायचे आणि नको असलेले मीठ पानांतून बाहेर टाकायचे, हा तिवराचा दिनक्रम तिला त्या एका चाटण्यात कळला. शाळेच्या पुस्तकात ती तो दोनदा वाचून विसरली होती.

ठाणे खाडीत तिवराचेच राज्य आहे. त्यामानाने कांदळ आणि चिपी कमी दिसतात, म्हणून त्यांच्यापाशी थांबायला विसरू नये. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते, आणि फांदीला लोंबणारी वीतभर किंवा त्याहून लांब हिरवी शेंग ही शेंग नसून तयार रोपच असते. ते सुटून चिखलात पडले की तिथेच उभे राहते, किंवा पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे मूळ धरते. चिपीच्या एका जातीला, पांढऱ्या चिपीला, महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. ज्या झाडांना आपण वर्षानुवर्षे दलदलीतली झुडपे म्हणत आलो, भराव घालताना ज्यांचा हिशेबही ठेवला नाही, त्यांतल्या एकाला असा मान मिळाला याचा मला मनापासून आनंद झाला होता. याच खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी अभयारण्य घोषित झाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला.

पण या फेरीचा खरा नायक चिखलात आहे. ओहोटी लागली, पाणी पायवाटेच्या खांबांपासून मागे सरकले आणि चिखल उन्हात चकाकू लागला, की निवटी बाहेर येतात. आधी मला वाटले की चिखलाचा एक गोळा हलला. मग त्या गोळ्यावर दोन फुगीर डोळे दिसले, ते एकदम आत गेले आणि ओले होऊन पुन्हा वर आले. बोटाएवढा तो मासा दोन्ही बाजूंच्या परांवर कोपरे टेकल्यासारखा पुढे सरकत होता, तोंड डावीकडून उजवीकडे फिरवत चिखलाचा वरचा थर खात होता. दुसरी निवटी जवळ आली तेव्हा त्याने पाठीवरचा पर शिडासारखा ताठ उभा केला. दोघे समोरासमोर तोंडे उघडून थांबले, मग एकाने उडी मारून माघार घेतली. सभोवार एकच मोठी नांगी असलेले छोटे खेकडे ती नांगी वर-खाली हलवत आपापल्या बिळापाशी उभे होते, आणि सगळ्या चिखलातून बारीक टकटक, बुडबुड असा आवाज येत होता. हे सर्व माझ्या पायांपासून दोन हातांवर चालले होते. आम्ही चौदा जण कठड्यावर ओणवे होऊन पाहत होतो आणि कुणीही बोलत नव्हते.

आता खाडीच्या फेरीतली अडचण सांगतो, कारण ती मोठी आहे आणि तिने माझी पहिली खेप पूर्णपणे वाया घालवली होती. आम्ही गेलो त्या सकाळी भरती होती. काठचा सगळा चिखल पाण्याखाली, निवटी नाहीत, खेकडे नाहीत, तिवराची मुळे बुडालेली. मार्गदर्शक बिचारा पाण्याकडे बोट दाखवून, खाली काय असते याचे वर्णन करत होता. फेऱ्या बहुधा शनिवार-रविवारी सकाळी आखल्या जातात आणि समुद्राला रविवार ठाऊक नसतो. त्यातच आणखी एक गुंता असा की रोहित पक्षी पाहायला निघणारी होडी सुटते ती पाणी भरलेले असताना. त्यामुळे होडी आणि चिखल दोन्ही एकाच सकाळी साधायचे म्हणणाऱ्याच्या पदरी बहुधा दोन्हींतले अर्धेमुर्धेच पडते. होडीचा आनंद मोठा आहे, पण तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा असे मी सुचवीन.

ही अडचण माझ्या सासऱ्यांनी सोडवली. ते पालघरकडचे. त्यांच्या लहानपणी घरात भरती-ओहोटीचे छापील कोष्टक नव्हते. तिथीची पाऊणपट करायची, जेवढे येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती, असा त्यांचा साधा हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि मधोमध बाराच्या आसपास ओहोटी. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीच्या आत पाणी किनाऱ्यापेक्षा थोडे उशिरा चढते-उतरते, पण फेरीचा दिवस ठरवायला एवढे पुरते. मी घरी येऊन जुन्या कॅलेंडरात पाहिले, तर आम्ही गेलो तो दिवस द्वादशीचा होता. बाराची पाऊणपट नऊ, आणि आमची फेरी बरोबर नऊ वाजता सुरू झाली होती. तेव्हापासून मी शुद्ध किंवा वद्य, कोणत्याही पक्षातली तृतीया ते पंचमी गाठतो. त्या दिवशी भरती पहाटे अडीच ते चारच्या दरम्यान होऊन गेलेली असते, आणि सकाळी आठ-साडेआठला पोहोचलेल्या माणसासमोर पाणी उतरत जाऊन चिखल हळूहळू उघडा पडतो. शनिवार-रविवारी ही तिथी दर वेळी येत नाही, पण महिना-दोन महिन्यांतून एकदा तरी जमते.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल ठरला, तिच्याकडे येतो. वाचणाऱ्याला ती किरकोळ वाटेल. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही वीस-बावीस जणांच्या एका गटाबरोबर उद्यानात गेलो होतो. फेरी आखणाऱ्यांचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण असे कुणाच्याही फेरीत घडू शकते. मार्गदर्शक तरुण होता आणि जाणता होता. ओढ्याकाठच्या एका उंबरावर त्याने वानरांची टोळी हेरली आणि आम्हाला खाली बसवले. टोळीत एक अगदी नवे पिल्लू होते. वानरांची पिल्ले जन्मतः गडद रंगाची असतात आणि त्यांचे तोंड काळे नसून गुलाबी असते; हे पिल्लू आईकडून दुसऱ्या मादीकडे, तिच्याकडून तिसरीकडे असे हातोहात चालले होते, जशी आपल्याकडे बारशाच्या दिवशी बाळे फिरतात. माझी मुलगी श्वास रोखून पाहत होती. तेवढ्यात मागच्या रांगेत कुणीतरी वेफर्सचे पाकीट फोडले.

आवाज मोठा नव्हता. प्लास्टिकची ती चुरचुर घरात ऐकूही आली नसती. पण झाडीतून, कुठून ते कळले नाही, लाल तोंडाची सहा-सात माकडे वाटेवर उतरली, आणि ती आमच्याकडे न पाहता आमच्या हातांकडे पाहत येत होती. वानरांची टोळी तोवर दुसऱ्या झाडावर आणि तिथून दिसेनाशी झाली. पाकीटवाल्याने घाबरून पाकीट फेकले, त्यावर माकडांची झोंबाझोंबी झाली, आणि एक थोराड नर शेजारच्या वृद्ध बाईंच्या कापडी पिशवीला लोंबकळला. "मावशी, पिशवी सोडा, ओढू नका," मार्गदर्शक ओरडला. त्यांनी सोडली. पिशवीत खाण्याचे काही नव्हते. त्यांच्या गोळ्यांची डबी होती, ती माकडाने उघडून पाहिली आणि गोळ्या ओढ्यात सांडल्या. उरलेल्या दीड तासात आमचा मार्गदर्शक मार्गदर्शक राहिला नाही. हातात काठी घेऊन तो सगळ्यांच्या मागून राखण करत चालला होता. पुढे कुणी कितीही मोठे पाखरू पाहिले तरी ते काय आहे हे विचारायला त्याच्याकडे वळून पाहावे लागत होते.

त्यानंतर मी इतर फेऱ्यांत मुद्दाम लक्ष ठेवले. पाचपैकी चार वेळा पाकीट वाजलेच. कधी बिस्किटाचे, कधी चॉकलेटचे, कधी निव्वळ पाण्याच्या बाटलीवरचे वेष्टन. उद्यानात प्राण्यांना खाऊ घालण्यास मनाई आहे, पाट्या जागोजागी आहेत, फेरी सुरू होण्यापूर्वी मार्गदर्शक हात जोडून सांगतात, आणि तरी कान्हेरीच्या रस्त्यावर गाडीची काच खाली करून केळे पुढे करणारा कुणी ना कुणी भेटतो. पिढ्यान् पिढ्या हे चालले असल्याने तिथली बरीच माकडे माणसाच्या हाताकडे पाहायला शिकली आहेत. मला रानटी माकड पाहायचे असते, म्हणजे उंबर शोधणारे, टोळीतल्या थोरल्याला वाट देणारे, पिल्लाच्या उवा काढणारे. पिशवीची चेन उघडता येणारे माकड मला रेल्वेच्या फलाटावरही पाहायला मिळते. यात माकडाचा दोष नाही, आणि उद्यान चालवणाऱ्यांचाही नाही. पण मी घरून कितीही शिस्तीत निघालो, मुलीच्या खिशातली गोळीसुद्धा काढून ठेवली, तरी माझ्या मागे चालणाऱ्या एकविसाव्या माणसाच्या पाकिटावर माझी सकाळ अवलंबून राहते. खाडीची अडचण मी तिथी पाहून टाळू शकतो. ही अडचण टाळणे माझ्या हातात नाही, आणि माझ्या मनातले पारडे झुकले ते इथेच.

खाडीकाठी पाकिटे नसतात असे मात्र कुणी समजू नये. तिथे ती आधीच येऊन पोहोचलेली असतात. प्रत्येक भरती शहराचा कचरा आत आणते आणि ओहोटीला तिवराच्या मुळांवर पिशव्या अडकून राहतात; श्वसनमुळांवर प्लास्टिक गुंडाळले गेले की त्या झाडाचा श्वासच कोंडतो. हे दृश्य वाईट आहे, काही फेऱ्यांत मन खिन्न होते, आणि मुलांना ते कसे समजावायचे हे ज्याने त्याने ठरवावे. शिवाय सावली कमी, दहानंतर ऊन बोचते, आणि डास-चिलटांचा उपद्रव जंगलापेक्षा अधिक आहे असा माझा तरी अनुभव आहे. माझ्या पत्नीला त्या वासाने एकदा मळमळले होते. तिचा कौल अजूनही उद्यानाच्या बाजूने आहे, आणि आमच्या घरात हा वाद मिटलेला नाही.

ऋतूचा विचार केला तर पावसाळ्यात प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा रान पाहावे. ओढे वाहते असतात, माकडे आत झाडीत पांगलेली असतात, आणि कारवी फुलण्याचे वर्ष असेल तर दुसरे काही सुचवणे चुकीचे ठरेल. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ नंतर २०२४ मध्ये फुलली, म्हणजे आता बरीच वाट पाहावी लागेल. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला माझा कल खाडीकडे असतो, रोहित त्याच महिन्यांत येतात आणि चालतानाही त्यांचे थवे दूरवर गुलाबी पट्ट्यासारखे दिसतात.

आता, ज्यांना काहीही झाले तरी माकडे-वानरेच पाहायची आहेत, त्यांना मी खाडीकडे ओढणार नाही. माझ्या सहा फेऱ्यांत कांदळवनात एकही माकड दिसलेले नाही. सुंदरबनात माकडे खारफुटीत राहतात, ओहोटीला चिखलात उतरून खेकडे वेचतात, ही वर्णने वाचून कुणी ऐरोलीला तशी अपेक्षा घेऊन गेले तर हिरमोड होईल. इथल्या खारफुटीतला मोठा प्राणी म्हणजे कोल्हा, आणि तोही दिवसा क्वचितच दिसतो. आम्हाला चिखलातले त्याचे पाय तेवढे पाहायला मिळाले. अशा माणसाने उद्यानच निवडावे, पण शक्य असेल तर रविवार टाळावा, आठ-दहा जणांहून मोठ्या गटात जाऊ नये, आणि कान्हेरीच्या रस्त्याऐवजी शिलोंड्याच्या वाटेची फेरी मागावी. माझ्या पाच फेऱ्यांतली पाकीट न वाजलेली एकमेव फेरी गुरुवारची होती, सात जणांची होती आणि शिलोंड्याचीच होती. काटेसावरीवरची ती न्याहारी आणि तो खाकरण्याचा आवाज मी तिथेच अनुभवला. नोकरदार माणसाला गुरुवारची सकाळ काढणे कठीण जाते, एवढीच त्यातली मेख आहे.

रान आणि खाडी एकत्र पाहायची हौस असेल तर वसईच्या खाडीपलीकडे, ससूनवघरच्या बाजूला उद्यानाचा नागला भाग आहे. तिथे झाडी उतरत खाडीपर्यंत येते. मी तिथे एकदाच गेलो आहे आणि तेही पक्षी पाहायला, त्यामुळे तुलनेत त्याला धरलेले नाही. तसे पाहिले तर माझ्या दारातली दहिसर नदीही हेच करते. ती तुळशी तलावापाशी उगम पावते, वानरांच्या रानातून वाहत येते, बोरिवली-दहिसरच्या वस्तीत तिचा नाला होतो आणि शेवटी ती मनोरीच्या खाडीला खारफुटीत मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ही नदी घरांत शिरलेली आम्ही पाहिली आहे. नदीच्या वरच्या टोकाला रान हवे हे आम्हा बोरिवलीकरांना आधीपासून कळत होते; खालच्या टोकाला पाणी पसरायला खारफुटीची जागाही तेवढीच हवी, हे मला पुष्कळ उशिरा आणि ऐरोलीच्या त्या पायवाटेवर उभे राहून कळले. माझ्या आवडीत या जाणिवेचाही वाटा असणार, तो मी नाकारत नाही.

वयस्कर मंडळी सोबत असतील तर खाडीची फेरी अधिक सोयीची, असे मी भीतभीत का होईना सुचवतो. पायवाट सपाट आहे, चढ-उतार नाही, धरायला कठडा आहे आणि मुख्य म्हणजे हातातली पिशवी छातीशी कवटाळून चालावे लागत नाही. माझे सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. गेल्या खेपेला ते कठड्याला टेकून जवळजवळ तासभर एकाच निवटीकडे पाहत उभे होते. लहानपणी ते त्या पकडायला चिखलात उतरत असत, आणि बिळाची दोन तोंडे कशी ओळखायची हे त्यांनी मार्गदर्शकालाच समजावून सांगितले. पाच-सहा वर्षांच्या मुलांबाबत मात्र मी इतका निश्चिंत नाही. त्या वयाला पहिली पंधरा मिनिटे फार लांब वाटतात आणि माकड लगेच दिसते, तेव्हा तिथे उद्यान उजवे ठरू शकेल. आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांना चिखल पुरतो.

तारीख ठरवताना पाऊणपटीचा हिशेब लक्षात राहत नसेल तर एवढेच करावे, की भिंतीवरच्या कॅलेंडरात शनिवार-रविवारी येणारी संकष्टी किंवा विनायकी चतुर्थी शोधावी. त्या सकाळी नऊ ते दहाच्या सुमारास खाडीचे पाणी पुष्कळ खाली गेलेले असते. आमची पुढची फेरी अशाच एका संकष्टीची ठरली आहे. चार जागा घेतल्या आहेत, आणि घरातल्या तिघांचा उपास असल्याने खाण्याचे काही बरोबर न्यायचे नाही हेही ठरले आहे.